नव्या घरांनी नदीच्या पाणलोटातली किती जमीन घेतली, ते मोजायचं कसं?

पुण्याच्या पश्चिमेला भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक वाद तोंडपाठ असतो. एक म्हणतो, रामनदीच्या खोऱ्यात आता सिमेंटशिवाय काही उरलं नाही. दुसरा म्हणतो, काही काय, भुकूमच्या पुढे गेलं की डोंगरच डोंगर आहेत. दोघंही जोरात बोलतात आणि आकडा दोघांकडेही नसतो. तो काढता येतो. एक बरा लॅपटॉप, इंटरनेट, फुकट मिळणारं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि गूगल अर्थ प्रो एवढ्यावर काम होतं. जीआयएसची, म्हणजे संगणकावरच्या नकाशांची, पदवी लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

उदाहरणाला रामनदीच घेऊ. खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी आणि पुढे मुळेत विलीन. नदी छोटी, पाणलोट (जिथलं पावसाचं पाणी या नदीत येतं ती सगळी जमीन) हाताळण्याजोगं आणि गेल्या पंचवीस वर्षांत बांधकामांनी भरलेलं. तुमची नदी वेगळी असेल तर नावं बदला, रीत तीच.

पहिली पायरी: ‘जमीन घेतली’ म्हणजे काय, ते कागदावर लिहा

नवखे लोक आधी सॅटेलाइटचं चित्र डाउनलोड करतात. ते नंतर. आधी व्याख्या, कारण आकड्यावरून होणारी निम्मी भांडणं खरं तर व्याख्येची असतात.

भूगावजवळचा पाच गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट डोळ्यांपुढे आणा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे प्लॉट झाला ५०६ चौरस मीटरचा. त्यावर १२० चौरस मीटर पायाचा बंगला. बाकी जागेत पेव्हर ब्लॉक, गाडीची शेड, चार आंब्याची झाडं, थोडी लॉन. समोर लेआउटमधला रस्ता, कोपऱ्यावर सोसायटीची मोकळी जागा. या सामाईक जागेतला त्या प्लॉटचा वाटा समजा २०० चौरस मीटर. आता या घराने किती जमीन घेतली? १२०, ५०६ की ७०६? छपरावरून किती पाणी वाहून येतं हे बघायचं असेल तर १२०. शेतजमीन किती गेली हे बघायचं असेल तर ७०६. तिन्ही बरोबर आहेत. फक्त एकाचा आकडा दुसऱ्याच्या प्रश्नाला जोडू नका. एक गट छपरं मोजतो, दुसरा लेआउट मोजतो आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात, हे नेहमी घडतं.

माझा सल्ला असा की नवख्याने लेआउटची हद्द धरावी: घर, आवार, आतले रस्ते, सोसायटीची बाग, सगळं मिळून. कुंपणाची भिंत चित्रात दिसते, त्यामुळे दोन माणसांनी वेगवेगळं बघितलं तरी उत्तर साधारण सारखं येतं. छपरं हवी असतील तर ती वेगळ्या रकान्यात ठेवा.

मग कडेची प्रकरणं. ती आधीच निकालात काढली नाहीत तर अर्ध्या कामात नियम बदलावा लागतो आणि मागचं सगळं पुन्हा बघावं लागतं.

प्लॉटिंग. रस्ता खडी टाकून तयार, प्लॉटचे दगड रोवलेले, कमान उभी, लाइटचे खांब उभे, पण घर एकही नाही. मुळशीच्या रस्त्याने असे लेआउट वर्षानुवर्षं पडून असलेले दिसतात. ही जमीन शेतीतून गेली आहे, पण घराला लागलेली नाही. हिला वेगळा कोड द्या; मी ‘गुंतलेली’ म्हणतो. घरांच्या बेरजेत ती मिसळलीत तर आकडा फुगतो, आणि सोडून दिलीत तर पुढच्या दहा वर्षांत काय होणार आहे तेच दिसत नाही.

पुनर्विकास. पाषाणमध्ये जुना बंगला पाडून सात मजली इमारत झाली, तर घरं वाढली पण नवी जमीन शून्य.

मंगल कार्यालयं, रिसॉर्ट, शाळा, हॉटेलं. ही बांधकामं आहेत, घरं नाहीत. भूगाव-भुकूमच्या रस्त्यावर मंगल कार्यालयांची लांबच लांब रांग आहे आणि वरून बघताना ती सोसायटीसारखी भासू शकतात. ओळखायची खूण म्हणजे मोठा चौकोनी हिरवा लॉन, बाजूला एकच लांबलचक पत्र्याचं किंवा कापडी छप्पर आणि समोर घराच्या मानाने अवाढव्य पार्किंग. ‘बांधकाम, पण निवासी नाही’ असा कोड त्यांना द्या.

फार्महाऊस. एकराचं कुंपण आणि मध्ये एक बंगला. अख्खा एकर घराच्या खात्यावर टाकायचा का? एक नियम करा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. उदाहरणार्थ, घराभोवतीचे जास्तीत जास्त दहा गुंठे घराचे, बाकीची बाग.

खाली दुकानं आणि वर फ्लॅट असतील तर घर धरा. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या धरू नका, काम संपलं की त्या जातात. पाया खणायला घेतलेली साइट मात्र धरा, कारण तिथून मागे कुणी फिरत नाही.

हे सगळं एका पानावर लिहून त्यावर तारीख टाका. पुढे कुणी आकड्यावर बोट ठेवलं तर हेच पान पुढे करायचं.

दुसरी पायरी: संगमाचा बिंदू आणि पाणलोटाची रेषा

पाणलोट ‘रामनदीचं’ असं मोघम नसतं. ते कुठल्या तरी एका बिंदूपर्यंतचं असतं. मुळेच्या संगमापर्यंत, की पाषाण तलावाच्या बंधाऱ्यापर्यंत? दोन्हींचं क्षेत्र वेगळं, उत्तर वेगळं. तलावात येणाऱ्या गाळाची काळजी असेल तर बंधारा धरा. बाणेरच्या पुराची असेल तर संगम.

रेषा काढायला जमिनीच्या उंचीचा डेटा लागतो, ज्याला सगळे डीईएम म्हणतात. ३० मीटरचे तीन पर्याय फुकट आहेत: अमेरिकेचा एसआरटीएम, युरोपचा कोपर्निकस आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम. एरवी कोपर्निकस जास्त नेटका, पण शहरी भागात एक गंमत आहे. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये झालं आणि कोपर्निकसचं मूळ मोजमाप २०११ ते २०१५ मधलं. हे डेटा जमीन मोजत नाहीत, वरून जे पहिलं लागेल ते मोजतात, म्हणजे झाडं आणि इमारतीसुद्धा. बाणेरमध्ये २००० साली टॉवर कमी होते, त्यामुळे तिथे जुना डेटाच कधी कधी खऱ्या जमिनीच्या जवळ जातो. दोन्हींनी रेषा काढा आणि जिथे त्या फाटतात तिथे थांबून विचार करा.

डेटा मिळाला की आधी त्याला मीटरच्या प्रक्षेपणात आणा (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत). पुण्यासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, गोंदियाकडे, झोन ४४. याचा कंटाळा करू नका. गूगलच्या नकाशांना वापरतात त्या वेब मर्केटर प्रक्षेपणात सरळ क्षेत्रफळ मोजलंत तर पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे ११ टक्के जास्त येतं. शंभर हेक्टरला अकरा हेक्टर नुसते हवेतून.

आता क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘ग्रास’ नावाचा साधनांचा संच शोधा. त्यातलं ‘आर डॉट वॉटरशेड’ चालवलं की पाणी कुठून कुठे वाहतं याची दिशा आणि कुठे किती साठत जातं याची बेरीज, असे दोन थर मिळतात. मग ‘आर डॉट वॉटर डॉट आउटलेट’ला दिशेचा थर आणि संगमाचा बिंदू दिला की पाणलोट हातात. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. बिंदू प्रवाहाच्या रेषेपासून एक पिक्सेल जरी बाजूला पडला तर अख्ख्या खोऱ्याऐवजी एखाद्या उताराचा चिमुकला तुकडा मिळतो. नेहमीच्या नकाशावर संगम दिसतो तिथे क्लिक करू नका. बेरजेचा थर मोठा करून बघा, त्यात सगळ्यात ठळक रेघ मुळेला मिळण्याच्या अगदी आधीच्या पिक्सेलवर बिंदू ठेवा. मुळेवरच ठेवलात तर थेट मुळशीपर्यंतचं खोरं गळ्यात पडेल.

दुसरी अडचण हायवेची. बायपासचा भराव डेटाला धरणासारखा वाटतो. खालची मोरी त्याला दिसत नाही. पाणी भरावाला धरून भलतीकडे वळलेलं दिसलं तर नदीची खरी रेषा नकाशावर काढून तेवढ्या पट्ट्यातली उंची काही मीटर कमी करा आणि पुन्हा चालवा.

मिळालेली रेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटशी ताडून बघा. रामनदीच्या बाबतीत नशीब थोडं वाकडं आहे. १८ अंश ३० मिनिटं अक्षांश आणि ७३ अंश ४५ मिनिटं रेखांश जिथे छेदतात तो कोपरा भूगावच्या आसपास येतो, त्यामुळे शेजारशेजारच्या चार शिटा जोडाव्या लागतात: ४७ एफ/१०, ११, १४ आणि १५. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, बघताना चांदणी चौकावर लक्ष ठेवा. ती खिंड आहे. अलीकडे कोथरूडच्या बाजूला पडलेला थेंब मुठेला जातो, पलीकडे बावधनच्या बाजूला पडलेला रामनदीला. तुमची रेषा त्या खिंडीतून जात नसेल तर कुठे तरी चुकलं आहे. वेताळ टेकडीचंही तसंच, तिच्या एका अंगाचं पाणी पाषाणकडे, दुसऱ्याचं कोथरूडकडे.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सगळ्या महाराष्ट्राची पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. ते नकाशे भूजलासाठी उपयोगाचे, पण एवढ्या छोट्या नदीला मोठे पडतात. स्वतःची रेषा काढलेली बरी.

तिसरी पायरी: दोन तारखा

‘नवी घरं’ म्हणजे कधीपासूनची नवी? सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा ठरवा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं २०१५ पासून मिळतात, त्यामुळे २०१६ च्या हिवाळ्यापासून मोजणं सोपं. त्याआधीचं हवं असेल तर लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापर्यंत मागे नेतात, पण त्यात सुटा बंगला दिसत नाही. सेंटिनेलचा एक पिक्सेल १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आपल्याकडच्या माणसाला यापेक्षा सोयीचं माप मिळणार नाही. चित्राकडे बघून गावातल्या कुणालाही सांगता येतं: हा एक ठिपका म्हणजे तुमचा एक गुंठा.

महिना दोन्ही वर्षी एकच हवा. मे महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याचा वाळलेला माळ, खणलेला मुरूम आणि काँक्रीट हे तिघंही सॅटेलाइटला जवळपास सारखे दिसतात. पावसाळ्यात ढग. नोव्हेंबर त्यातल्या त्यात उत्तम: आभाळ मोकळं आणि गवत अजून पुरतं वाळलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली उतरतो आणि टॉवरच्या उत्तरेला लांब सावल्या पडतात.

सरकारी आकडे वापरताना हद्दींकडेही बघा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३, त्यात बावधन बुद्रुकही आलं. भूगाव, भुकूम मात्र पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रात. म्हणजे २०१६ चा ‘महापालिका हद्दीतला’ आकडा आणि आजचा आकडा यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. पाणलोटाची रेषा धरून काम करण्याचा मोठा फायदा हाच. ती अधिसूचनेने हलत नाही.

चौथी पायरी: कच्चा नकाशा

इथे फार वेळ घालवू नका. तयार थर भरपूर आहेत. गूगलचं डायनॅमिक वर्ल्ड आहे, युरोपचा वर्ल्डकव्हर आहे, १९७५ पासून दर पाच वर्षांचं चित्र देणारा ग्लोबल ह्युमन सेटलमेंट लेयर आहे. यातला एखादा घ्या आणि जुन्या तारखेला बांधकाम नाही, नव्या तारखेला आहे, असे पिक्सेल वेगळे काढा. वर्ल्डकव्हरच्या बाबतीत एक इशारा: त्याच्या २०२० आणि २०२१ च्या आवृत्त्या वेगवेगळ्या पद्धतीने बनल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यातला फरक म्हणजे जमिनीवरचा बदल असं मानू नका.

हा नकाशा चुकणार आहे, हे धरूनच चला. दगडखाणी त्याला इमारती वाटतात. फुलांची पॉलिहाऊस त्याला पांढरी छपरं वाटतात. झाडीत दडलेला बंगला त्याला दिसत नाही. शिवाय घर आणि मंगल कार्यालय यांतला फरक त्याला कळायचं कारणच नाही. म्हणूनच या नकाशातल्या पिक्सेलची बेरीज करून ‘एवढे हेक्टर गेले’ असं जाहीर करणं मला पटत नाही, मग ते कितीही मोठ्या संस्थेच्या अहवालात असो. नकाशाचं काम एवढंच की कुठे शोधायचं ते सांगणं.

पाचवी पायरी: ठिपके टाका आणि डोळ्यांनी बघा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. भाताचं एक शीत चाचपून हंड्याचा अंदाज घेतात, त्याच चालीची ही रीत. फक्त शितं कुठून उचलायची ते आपण न ठरवता यदृच्छेने ठरवायचं.

क्यूजीआयएसमध्ये दोन गटांत रँडम ठिपके टाका: एक गट कच्च्या नकाशाने ‘नवं बांधकाम’ म्हटलेल्या जागेत, दुसरा उरलेल्या सगळ्या पाणलोटात. ते केएमएल (गूगल अर्थला वाचता येणारी) फाइल करून गूगल अर्थ प्रोमध्ये उघडा, जुन्या चित्रांचं घड्याळ चालू करा आणि एकेक ठिपका बघा. जुन्या तारखेला काय होतं, नव्या तारखेला काय आहे, आणि पहिल्या पायरीतल्या पानाप्रमाणे त्याचा कोड कोणता.

समजा (हे आकडे केवळ समजावण्यापुरते, रामनदीचे नव्हेत) पाणलोट ४,००० हेक्टरचं आहे. कच्च्या नकाशाने त्यातले ३०० हेक्टर नवं बांधकाम म्हणून दाखवले. त्यात तुम्ही १०० ठिपके टाकले, ७८ खरोखर नव्या घरांच्या जागेत निघाले. उरलेल्या ३,७०० हेक्टरमध्ये २०० ठिपके टाकले, त्यात ४ ठिकाणी नवी घरं निघाली, जी नकाशाने पाहिलीच नव्हती. आता हिशोब:

३०० × ०.७८ = २३४ हेक्टर
३,७०० × ०.०२ = ७४ हेक्टर
एकूण ३०८ हेक्टर

नकाशा ३०० म्हणाला, आपलं उत्तर ३०८ आलं. म्हणजे नकाशा बरोबर होता? नाही. त्याने ६६ हेक्टर फुकटचे दाखवले आणि ७४ हेक्टर गाळले. दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या, एवढंच. दुसऱ्या नदीवर त्या झाकल्या जातीलच असं नाही.

आता मागेपुढे किती ते काढू. प्रत्येक गटासाठी प्रमाण गुणिले एक वजा प्रमाण, भागिले ठिपक्यांची संख्या वजा एक, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला गटाच्या क्षेत्राने गुणायचं. पहिल्या गटाचं येतं सुमारे १२.५ हेक्टर. दुसऱ्याचं सुमारे ३६.७. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ३८.८, आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणलं की ७६. उत्तर असं लिहायचं: ३०८ हेक्टर, ७६ कमी किंवा जास्त.

हे बघून बरेच जण हिरमुसतात आणि पहिल्या गटात आणखी ठिपके टाकत बसतात. नीट बघा, अनिश्चितता येते आहे दुसऱ्या गटातून. तिथे चारच ठिपके सापडले, पण मागे ३,७०० हेक्टर उभे आहेत. मेहनत तिथे घाला. त्यातही शहाणपण असं की त्या गटाचे दोन भाग करा: रस्त्यांच्या आणि आधीच्या वस्तीच्या २०० मीटरच्या आतला पट्टा एक, आणि लांबचे डोंगर दुसरा. नकाशाने गाळलेली घरं बहुतेक करून पहिल्या पट्ट्यात असतात. तिथे ३०० ठिपके टाका, डोंगरावर ५०-६० पुरतात. तेवढ्याच वेळात उत्तर पुष्कळ घट्ट होतं.

ठिपके वाचताना काही गोष्टी डोळ्यांना लावून घ्याव्या लागतात. उंच इमारती चित्रात एका बाजूला कललेल्या दिसतात, कारण उपग्रह तिरका बघत असतो. ठिपका गच्चीवर पडलेला दिसला तरी तळमजला पंधरा मीटर बाजूला असू शकतो, म्हणून नेहमी पायथा बघा. दोन वेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांवर चपखल बसत नाहीत, काही मीटर सरकलेली असतात. न हलणारी खूण धरा, एखादी विहीर किंवा जुना रस्त्याचा तिठा, आणि तिच्यापासून ठिपक्याची जागा ठरवा. नवी साइट कशी जन्मते तेही ओळखता यायला हवं: आधी चौकोनी निळ्या-पांढऱ्या पत्र्याचं कुंपण, मग मुरमाचा तांबूस खड्डा, कोपऱ्यात सेल्स ऑफिसची हिरवळ आणि शेवटी टॉवर क्रेनची काटकुळी सावली.

दहातला एक ठिपका दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, तुमचं उत्तर न सांगता. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे चूक बहुधा डोळ्यांची नसून पहिल्या पायरीतल्या पानाची असते.

सहावी पायरी: कागदांशी ताळा

वरून काढलेला आकडा कागदांतून आलेल्या आकड्याशी जुळवून बघायचा. तंतोतंत जुळणार नाहीच, पण फरक का पडला हे सांगता आलं पाहिजे.

महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट हा पहिला स्रोत. गावाच्या नावाने शोधलं की प्रकल्पाचा सर्व्हे किंवा गट नंबर, भूखंडाचं क्षेत्र, सदनिकांची संख्या मिळते. मर्यादा लक्षात ठेवा. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं, त्याआधी पूर्ण झालेले प्रकल्प त्यात नाहीत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आणि एकाच भूखंडावरचे तीन फेज तीन वेगळे प्रकल्प म्हणून नोंदलेले असतात. बेरीज करताना गट नंबर बघितला नाही तर एकच जमीन तीनदा मोजली जाते.

सातबारा महाभूलेखवर बघता येतो आणि गटाची आकृती महाभूनकाशावर. क्षेत्र तिथे हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ पण गुंठा नव्हे. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असली म्हणून तिथे शेती आहे असं समजू नका. एखाद्या छोट्या गटावर वीस-पंचवीस परक्या आडनावांची सामाईक नोंद दिसली तर तिथे गुंठेवारी झाली आहे, हे गावातला शेंबडा पोरही सांगेल. कागदावर ज्वारी, जागेवर दोन मजली घरं. याच्या उलट, एनए झालेला गट पंधरा वर्षं मोकळा पडलेलाही सापडतो.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा दुर्लक्षित खजिना आहे. घरपट्टीची आकारणी त्यात असते, त्यामुळे महारेराच्या नजरेतून सुटलेली छोटी घरं इथे सापडतात. ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) भेटा, काय करताय ते नीट सांगा. तलाठ्यांकडेही जाच, आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कुठल्या गटात काय उभं राहिलं हे त्यांना पाठ असतं.

हा ताळा करताना घरांची संख्या आणि जमीन यांचं नातंही उघडं पडतं. एका एकरावर शंभर फ्लॅटची इमारत असेल तर दर घरामागे ४० चौरस मीटर जमीन. पाच गुंठ्यांच्या बंगल्यामागे ५०६. म्हणजे एक बंगला बारा फ्लॅटांएवढी जमीन खातो. नदीकाठच्या सभांमध्ये बोट नेहमी टॉवरकडे जातं, कारण टॉवर दिसतो. तुमच्या यादीत इमारती, बंगले आणि प्लॉटिंग असे तीन रकाने करून बघा. जमिनीच्या हिशोबात दोषी कोण हे ठरवायला घाई करू नका. टॉवरचं ओझं सांडपाण्यावर आणि रस्त्यावर पडतं, तो हिशोब निराळा.

सातवी पायरी: जागेवर जा

ज्या ठिपक्यांवर दोघांचं एकमत झालं नाही तेवढेच बघायला जा, सगळे नाही. फोनमध्ये जीपीएस चालू ठेवून फोटो काढा. बंद गेटच्या आत शिरू नका, रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरतं. नाल्याच्या मोऱ्या मात्र वाकून बघा, कारण पाणलोटाच्या रेषेवर पावसाळी गटारांनी कुठे पाणी पलीकडे नेलं आहे ते कुठल्याही सॅटेलाइटला कळत नाही.

आठवी पायरी: उत्तर लिहिताना

एका वाक्यात पाच गोष्टी आल्या पाहिजेत: कुठल्या बिंदूपर्यंतचं पाणलोट, कुठल्या दोन तारखा, कोणती व्याख्या, किती हेक्टर आणि मागेपुढे किती. उदाहरणार्थ: ‘मुळा संगमापर्यंतच्या पाणलोटात अमुक नोव्हेंबर ते तमुक नोव्हेंबर या काळात, लेआउटची हद्द धरून, नव्या घरांखाली इतके हेक्टर जमीन आली, अधिकउणे इतके हेक्टर.’ ‘गुंतलेली’ जमीन त्याच्या खाली वेगळ्या ओळीत.

टक्केवारी दोन प्रकारे द्या: एकूण पाणलोटाच्या तुलनेत, आणि उतार सोडून उरलेल्या सपाट जमिनीच्या तुलनेत. डोंगर धरून काढलेली टक्केवारी नेहमी लहान दिसते, आणि ज्याला लहान दाखवायची आहे तो तीच वापरतो. १:५ पेक्षा (पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ) तीव्र उतार डीईएमवरून वेगळे काढता येतात, पण ३० मीटरच्या डेटावरून अमुक इमारत बेकायदा उतारावर आहे असं कुणावर बोट ठेवू नका. त्याला जागेवरची मोजणी लागते.

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभागाने आखलेली रेषा मिळाली तर तिच्या आतलं क्षेत्र वेगळं मोजा. मात्र त्यासाठी त्या पट्ट्यात स्वतंत्र ठिपके टाकावे लागतील. अख्ख्या पाणलोटाच्या नमुन्यातले दोन-तीन ठिपके नदीकाठी पडले म्हणून त्यावरून काठाचा आकडा काढता येत नाही.

शेवटी सगळे ठिपके, त्यांचे कोड, पाणलोटाची रेषा आणि व्याख्येचं पान एका फोल्डरमध्ये टाकून कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवा. पुढच्या नोव्हेंबरला सगळं पुन्हा करायला नको. तेच ठिपके नव्या चित्रावर बघायचे, आणि सुरुवात ‘गुंतलेली’ या कोडपासून करायची.